सहाव्या वर्षाची दाढ

मराठी भाषेत दातांवरच्या वाक्प्रचारांना तोटा नाही. रागावलेला माणूस दातओठ खातो, मनात अढी असलेला दात धरतो, शरण आलेला दाती तृण धरतो आणि घाबरलेल्याची दातखिळी बसते. ‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण तर दैवाचा उफराटा न्याय चार शब्दांत सांगून जाते. परंतु या म्हणीतले दात जातात कसे, आणि ते जाऊ नयेत म्हणून काय करता येते, याचा विचार आपण बहुधा दाढ ठणकू लागल्यावरच करतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होय.

कलाशाखेच्या महाविद्यालयाच्या वार्षिकात दंतवैद्यकाचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याची कारणे दोन. आपल्यापैकी कितीतरी जण पुढे शिक्षक होणार आहेत, आणि बहुतेक जण आईबाप तर होणारच आहेत. ज्या दाढेविषयी हा लेख आहे ती वैद्याच्या नजरेस पडण्याआधी शिक्षकाच्या आणि आईबापांच्या नजरेस पडायला हवी असते. दुसरे कारण असे की, दाताची कीड टाळण्याचा एक साधा, वेदनारहित आणि सिद्ध झालेला उपाय अर्ध्या शतकाहून अधिक काळ उपलब्ध असूनही तो ज्या मुलांना सर्वांत जास्त हवा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्ञान आहे, पण ते पोहोचत नाही, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नसून समाजशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचा आहे. म्हणजेच तो आपलाही आहे.

दात किडतो म्हणजे काय होते?

‘दाताला कीड लागली’ असे आपण म्हणतो. या शब्दप्रयोगामागे दातात खरोखरीच एखादी अळी शिरते अशी फार जुनी समजूत आहे. ती केवळ आपलीच नव्हे. प्राचीन बाबिलोनियातील मृत्तिकालेखांतही दातातल्या किड्याची कथा आढळते. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘कीड पाडणारे’ लोक बाजाराच्या दिवशी गावोगाव फिरत. धुरी दिल्यावर जे बारीक पांढरे किडे म्हणून दाखविले जाई, त्याचा दाताशी काहीही संबंध नसे.

खरा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. विलोबी डेटन मिलर हे अमेरिकन दंतवैद्य बर्लिन येथे संशोधन करीत होते. मुखातील सूक्ष्मजंतूंवरील आपला ग्रंथ त्यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केला आणि दंतक्षयाची कारणपरंपरा मांडली. तोंडातील जंतू साखर व पिष्टमय पदार्थ आंबवितात, त्यातून आम्ल तयार होते, आणि हे आम्ल दाताचे खनिज विरघळविते, अशी ती परंपरा होय. पुढील संशोधनाने तिच्यात पुष्कळ भर घातली, पण तिचा गाभा आजही कायम आहे.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क, ज्याला दंतवैद्य एनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते. परंतु दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच नष्ट होत असल्याने एकदा खड्डा पडला की तो आपोआप कधीच भरत नाही. गोड खाल्ल्यानंतर काही मिनिटांतच दातावरच्या चिकट थरातील आम्लता वाढते. तिची पातळी सामू ५.५ च्या खाली गेली की खनिज विरघळू लागते. अर्ध्या-पाऊण तासात लाळ ही आम्लता पुन्हा कमी करते आणि गेलेल्या खनिजाचा काही भाग परतही आणून बसविते. म्हणजे दातावर दिवसभर जमाखर्च चालू असतो. खर्च जमेपेक्षा वारंवार जास्त झाला की प्रथम पांढुरका डाग दिसतो आणि पुढे खड्डा पडतो.

यावरून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. मूल एकंदर किती गोड खाते याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते किती वेळा खाते याला महत्त्व आहे. जेवणाबरोबर खाल्लेली जिलबी आणि दिवसभर चघळलेल्या लिमलेटच्या गोळ्या यांत दाताच्या दृष्टीने मोठा फरक आहे. चहात बुडविलेले बिस्कीट, चिक्की, चिकट वड्या असे पदार्थ दाढेवर बराच वेळ चिकटून राहतात. स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४५ नंतर झालेल्या प्रयोगांनी हेच दाखवून दिले. ते प्रयोग बौद्धिकदृष्ट्या विकलांग अशा रुग्णांवर, त्यांची संमती न घेता केलेले होते, म्हणून आज ते निषेधार्ह मानले जातात. हे ज्ञान कोणाच्या दातांच्या मोलाने मिळाले याची जाणीव आपण ठेवली पाहिजे.

न बोलावता आलेली पाहुणी

लहान मुलाचा पहिला दुधाचा दात पडतो तो आपल्या घरांतून एक लहानसा सोहळाच असतो. तो दात कौलांवर फेकायचा, उंदराला द्यायचा आणि त्याच्याकडून त्याच्यासारखा बारीक, बळकट दात मागून घ्यायचा, अशा कितीतरी चाली आहेत. शेजारपाजारचे लोक मुलाच्या बोळक्या तोंडाची थट्टा करतात. सारे घर समोरच्या पटाशीच्या दातांकडे पाहत असते.

नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास, तोंडाच्या मागच्या अंधाऱ्या भागात चार नव्या दाढा निमूटपणे वर येऊ लागतात. उजवीकडे व डावीकडे, वर आणि खाली अशी प्रत्येकी एक. या पहिल्या कायमच्या दाढा होत. त्या कोणत्याही दुधाच्या दाताची जागा घेत नाहीत; दुधाच्या वीस दातांच्या मागे रिकाम्या जागेत त्या उगवतात. काहीच पडलेले नसते, म्हणून काही उगवले आहे याचाही कोणाला पत्ता लागत नाही. पुष्कळ पालकांना ही दाढ दुधाचीच वाटते. ‘पडणारच आहे, मग दुसरी येईल’ असे म्हणून ते तिच्यावरच्या काळ्या रेघेकडे दुर्लक्ष करतात. दुसरी कधीच येणार नसते. सहाव्या वर्षी आलेल्या या दाढेवर साठ-सत्तर वर्षे चावायचे असते.

ही दाढच लवकर का किडते, याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. तिच्या चावण्याच्या पृष्ठभागावर उंचवटे असतात आणि त्यांच्यामधून खोल खाचा गेलेल्या असतात. घाटातल्या अरुंद खिंडीसारख्या या खाचा कित्येक ठिकाणी इतक्या अरुंद असतात की, दात घासण्याच्या ब्रशचा एक केसही त्यांत शिरत नाही. जंतू मात्र सहज शिरतात आणि अन्नाचे कणही. खाचेच्या तळाशी दंतवल्काचा थर पातळ असतो, त्यामुळे आम्लाला आतल्या मऊ दंतिनापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. त्यातून ही दाढ पूर्ण वर येऊन समोरच्या दाढेला टेकायला एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ जातो. तोवर ती इतर दातांच्या पातळीखाली, अर्धवट हिरडीने झाकलेली राहते. ब्रश तिच्यावरून नुसताच सरकतो. शिवाय नव्याने उगवलेले दंतवल्क काहीसे कोवळे असते. लाळेतील खनिजे शोषून ते पक्के व्हायला काळ जावा लागतो. म्हणजे दाढ सर्वांत दुबळी असते त्याच काळात तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. बाराव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दुसऱ्या दाढेची कथाही हीच.

ज्यांच्या घरी दात नियमाने घासले जातात, त्या मुलांच्याही दाढा का किडतात याचे कोडे येथे सुटते. फ्लोराइडयुक्त पेस्टने दाताच्या गुळगुळीत बाजूंचे रक्षण चांगले होते. खोल खाचांत मात्र तिचा प्रभाव कमी पडतो. मुलाला ‘तू दात नीट घासत नाहीस’ असे म्हणून दटावणे सोपे आहे, पण जेथे ब्रश पोहोचतच नाही तेथे दोष मुलाचा नसतो.

खाच बुजविण्याचा विचार

खाचा हेच जर संकटाचे मूळ, तर त्या आधीच बुजवून टाकाव्यात, हा विचार दंतवैद्यांना फार पूर्वी सुचला होता. अमेरिकेतील थॅडियस हायट यांनी १९२३ मध्ये सुचविले की, किडण्याची वाट न पाहता निरोगी दाढेची खाच थोडीशी कोरून तीत धातूचे भरण घालावे. १९२९ मध्ये बोडेकर यांनी ती खाच घासून रुंद व उथळ करावी, म्हणजे ती स्वच्छ राहील, असा मार्ग सांगितला. दोन्ही उपायांत एक मोठी उणीव होती. चोरी होईल या भीतीने आपणच भिंत फोडून ठेवण्यासारखे ते होते. निरोगी दाताचा जो भाग पुन्हा कधीच येणार नाही, तो स्वतःच्या हातांनी काढून टाकावा लागे.

न कोरता खाच बुजवायची तर तिला चिकटून राहील असा पदार्थ हवा, आणि ओलसर तोंडातील गुळगुळीत दंतवल्काला काहीच धड चिकटत नसे. ही अडचण सोडविली न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथील मायकेल ब्युनोकोर यांनी. ते ज्या दंतचिकित्सा संस्थेत काम करीत होते, ती कोडॅक कॅमेऱ्याचे निर्माते जॉर्ज ईस्टमन यांनी मुलांच्या दातांसाठी दिलेल्या देणगीतून उभी राहिलेली होती. कारखान्यांत धातूच्या पत्र्याला रंग पक्का बसावा म्हणून तो आधी फॉस्फोरिक आम्लाने धुऊन घेतात, ही गोष्ट ब्युनोकोर यांना ठाऊक होती. जे पत्र्याला लागू पडते ते दाताला का पडू नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांनी दातावर अर्धा मिनिट आम्ल लावले, धुतले, वाळविले आणि त्यावर अॅक्रिलिकचे लहान थेंब बसविले. आम्ल न लावलेल्या दातांवरचे थेंब थोड्याच वेळात गळून पडले. आम्ल लावलेल्या दातांवरचे कितीतरी अधिक काळ टिकले. हा निबंध १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या आम्लामुळे दात किडतो, त्याच जातीच्या पदार्थाचा क्षणभर आणि मोजूनमापून उपयोग करून दाताचे रक्षण करायचे, असा हा मार्ग होता. काट्याने काटा काढणे म्हणतात ते हेच.

आम्लाने दंतवल्कावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. पातळ राळेसारखा पदार्थ त्यांत झिरपतो आणि आतच कठीण होतो, जणू हजारो बारीक मुळ्याच रुजतात. या शोधाला उपयुक्त रूप यायला पुढे बारा वर्षे लागली. १९६७ मध्ये क्युएटो आणि ब्युनोकोर यांनी दाढेच्या खाचा अशा चिकट पदार्थाने बंद केल्याचे निष्कर्ष जाहीर केले. एका वर्षात किडीचे प्रमाण ८६ टक्क्यांहून अधिक घटलेले आढळले. त्यांचा पहिला पदार्थ तोंडात फार काळ टिकण्याजोगा नव्हता. दरम्यान राफाएल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाची अधिक बळकट राळ शोधून काढली होती. तिचा उपयोग करून १९७० च्या सुमारास प्रकाशाने घट्ट होणारा लेप तयार झाला. आज सीलंट म्हणून जो ओळखला जातो तो मुख्यतः याच कुळातला. मराठीत त्याला अद्याप रूढ शब्द नाही, म्हणून येथे सीलंट हाच शब्द वापरला आहे.

सीलंट लावतात कसे?

ही क्रिया पाहिली तर तिच्या साधेपणाचे आश्चर्य वाटते. तिच्यात सुई नाही, दात कोरण्याचे यंत्र नाही आणि वेदनाही नाही. प्रथम दाढ स्वच्छ करतात. तिच्या भोवती कापसाचे बोळे ठेवून लाळ दूर ठेवतात. मग सुमारे ३७ टक्के तीव्रतेच्या फॉस्फोरिक आम्लाचा जेल १५ ते ३० सेकंद लावून पाण्याने धुऊन काढतात. वाळविल्यावर तो भाग खडूसारखा पांढरा दिसला म्हणजे दाढ तयार झाली असे समजावे. आता खाचांतून पातळ सीलंट फिरवितात आणि त्यावर निळा प्रकाश सोडतात. काही सेकंदांत लेप कठीण होतो. शेवटी मुलाला दात मिटायला सांगून चावताना तो उंच लागत नाही ना, हे पाहतात. एका दाढेला अवघी काही मिनिटे पुरतात.

यात खरी कसोटी एकच, आणि ती म्हणजे कोरडेपणा. आम्ल धुतल्यानंतर लेप लावण्याआधी लाळेचा थेंब जरी त्या जागी लागला, तरी छिद्रे बुजतात आणि सीलंट टिकत नाही. चुळबुळ करणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात सर्वांत मागची दाढ कोरडी ठेवणे हे सोपे काम नव्हे. दाढ अर्धवटच वर आलेली असेल, तर ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट वापरतात. लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी ते शोधून काढले. ते ओलावा बऱ्यापैकी सहन करते आणि थोडे थोडे फ्लोराइडही सोडत राहते. मात्र राळेच्या लेपाइतके ते टिकत नाही. पुरेशी वीज किंवा यंत्रसामग्री नसलेल्या ठिकाणी त्याचा विशेष उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला.

उपयोग किती आणि शंका कोणत्या?

कोणत्याही उपायाची स्तुती ऐकली की पुरावा मागावा, ही सवय विद्यार्थ्याला असलीच पाहिजे. सीलंटच्या सुरुवातीच्या प्रयोगांची एक पद्धत मोठी मार्मिक होती. एकाच मुलाच्या एका बाजूच्या दाढेला लेप लावायचा आणि दुसऱ्या बाजूची तशीच ठेवायची. खाणे तेच, घासणे तेच, लाळही तीच. फरक फक्त लेपाचा. अशा आणि इतर ३८ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत ७,९२४ मुले होती. राळेच्या सीलंटने दोन वर्षांनंतर कायमच्या दाढांच्या किडीत ११ ते ५१ टक्के घट झाल्याचे त्यात आढळले. त्याआधी १९९१ मध्ये सायमनसेन यांनी एकदाच लावलेल्या सीलंटचा पंधरा वर्षांनंतरचा हिशेब मांडला होता. लेप लावलेल्या गटात सुमारे ३१ टक्के पृष्ठभाग किडले किंवा भरावे लागले होते. लेप न लावलेल्या तशाच गटात हे प्रमाण सुमारे ८३ टक्के होते.

पहिली शंका अशी की, खाचेत आधीच थोडी कीड असली आणि तिच्यावर झाकण बसले, तर ती आतल्या आत वाढणार नाही काय? ही शंका दंतवैद्यांनाही होती. परंतु रोचेस्टर येथेच हँडलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की, लेपाखाली अडकलेल्या जंतूंची संख्या झपाट्याने घटते. अन्नाचा पुरवठाच तुटल्यावर ते तरी काय करणार? वेढा पडलेल्या किल्ल्यासारखीच त्यांची स्थिती होते. अर्थात खोल खड्डा पडलेला असेल तर तेथे सीलंट नव्हे, नेहमीचा उपचारच हवा.

दुसरी शंका लेपातील रसायनांची. १९९६ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी सीलंट लावल्यानंतर लाळेत बिसफेनॉल-ए आढळल्याचे सांगितले आणि बराच गवगवा झाला. पुढील अभ्यासांत हे प्रमाण अत्यल्प आणि थोड्या काळापुरतेच असल्याचे दिसून आले. लेप लावल्यावर त्याचा वरचा थर पुसून घेणे आणि मुलाला चूळ भरायला लावणे एवढी खबरदारी पुरते.

तिसरी शंका लेप निघून जाण्याची. तो कधी कधी निघतो, हे खरे. म्हणून वर्षातून एकदा तरी तो पाहावा लागतो आणि गरज पडल्यास पुन्हा लावावा लागतो. सीलंट म्हणजे दाताला दिलेले अमरत्व नव्हे. दोन दातांच्या मधल्या फटीत होणारी कीड त्याने थांबत नाही. सकाळ-रात्र फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे आणि येता-जाता गोड चघळणे टाळणे, यांना तो पर्याय ठरू शकत नाही. आपल्याकडे काही घरांतून अजूनही मुलांच्या हाती मिश्री जाते. ती तर तंबाखूच होय. तिने दात स्वच्छ होत नाहीत, उलट व्यसन मात्र जडते.

वेल्समध्ये झालेली एक चाचणी येथे आवर्जून सांगितली पाहिजे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दक्षिण वेल्समधील सहा-सात वर्षांच्या हजारावर मुलांचे दोन गट केले. एका गटाला सीलंट लावले, दुसऱ्या गटाच्या दाढांवर दर सहा महिन्यांनी फ्लोराइडचे व्हार्निश दिले. तीन वर्षांनंतर सीलंटच्या गटातील १९.६ टक्के आणि व्हार्निशच्या गटातील १७.५ टक्के मुलांच्या दाढा किडल्या होत्या. हा फरक लक्षात घेण्याजोगा नव्हता, आणि व्हार्निश तुलनेने स्वस्त पडले. मग सीलंटचा पराभव झाला काय? मला तसे वाटत नाही. दोन्ही गटांतील मुलांकडे दंतपथक फिरत्या दवाखान्यातून नियमितपणे जात होते. कोणते द्रव्य लावले यापेक्षा योग्य वयात, योग्य दाढेपाशी, कोणीतरी वेळेवर पोहोचले, हे अधिक महत्त्वाचे ठरले. या साऱ्या विषयाचे सार मला यातच दिसते.

पोहोचण्याचा प्रश्न

१९८३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद बोलावली. सीलंट परिणामकारक व सुरक्षित असून त्यांचा वापर वाढला पाहिजे, असा तिचा निर्वाळा होता. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले की, सहा ते अकरा वर्षांच्या निम्म्याहून कमी मुलांना सीलंट लावलेले आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांत हे प्रमाण आणखी कमी होते, आणि कीड मात्र त्याच मुलांत जास्त. श्रीमंत देशाची ही कथा, तर आपली काय असणार?

आपल्याकडे भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये राष्ट्रीय पाहणी केली. तीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के, बारा वर्षांच्या सुमारे ५४ टक्के आणि पंधरा वर्षांच्या सुमारे ६३ टक्के मुलांत दंतक्षय आढळला. पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडात दुधाचे दात बहुधा उरलेले नसतात, म्हणजे हे नुकसान कायमच्या दातांचे आहे. एक दाढ किडली की पुढची साखळी ठरलेली असते. प्रथम गोड-थंड झोंबते. मग रात्री ठणका लागतो. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून दिवस काढले जातात. मूल एका बाजूने चावते, वर्गात त्याचे लक्ष लागत नाही. तालुक्याच्या गावी दवाखान्यात जायचे तर आईबापांची एका दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ते लांबणीवर पडते. शेवटी जेव्हा जातात तेव्हा दाढ काढण्याखेरीज इलाज उरत नाही. शेजारची दाढ त्या रिकाम्या जागेत कलते आणि चावणे कायमचे बिघडते. काही मिनिटांच्या लेपाने जे टळले असते, त्याची किंमत अशी जन्मभर मोजावी लागते. ती गरिबाला जास्त मोजावी लागते, हे सांगायला अर्थशास्त्राचा ग्रंथ नको.

आशेला जागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. त्यानुसार वैद्यकीय पथकाने शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा जाऊन मुलांची तपासणी करावयाची असते. तपासावयाच्या विकारांच्या यादीत दातांचे विकारही आहेत. परंतु पथक वर्षातून एक दिवस येते. शिक्षक रोज येतो. पहिली-दुसरीच्या वर्गशिक्षकाला जर ठाऊक असेल की, समोर दात पडलेल्या मुलाच्या तोंडात मागे नवी दाढ येत असते, तर तो त्या मुलाचे नाव पथकापुढे करू शकेल आणि पालकसभेत ‘ही दाढ दुधाची नव्हे’ हे एक वाक्य सांगू शकेल. या एका वाक्याने कितीतरी दाढा वाचतील.

आपल्यालाही यात करण्यासारखे काही आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण श्रमदान करतो, रस्ते झाडतो, पथनाट्ये बसवितो. त्याच शिबिरात गावच्या शाळेतील पहिली ते तिसरीच्या मुलांची यादी करावी, जवळच्या दंतमहाविद्यालयाच्या सार्वजनिक दंतआरोग्य विभागाला पत्र लिहून तपासणीसाठी पथक बोलवावे, आणि पुढच्या वर्षीच्या शिबिरार्थींनी त्याच मुलांची पुन्हा चौकशी करावी. एकदा केलेल्या तपासणीचे फक्त छायाचित्र उरते; दरवर्षी केलेल्या तपासणीने दाढ उरते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. तेथे फ्लोराइडचे उपाय दंतवैद्याच्या सल्ल्यानेच करावेत, हेही शिबिरार्थींनी लक्षात ठेवावे.

आणि ज्यांना शिबिराला जाणे जमत नाही, त्यांनी निदान आपल्या घरातल्या सहा-सात वर्षांच्या भावंडाला, भाच्याला किंवा पुतणीला उजेडात बसवावे, तोंड उघडायला सांगावे आणि दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, सर्वांत मागे पाहावे. दुधाच्या दाढांच्या पलीकडे पांढरे शुभ्र, उंचवट्यांचे काही डोकावत असेल, तर तीच ही पाहुणी. पडलेल्या दाताचे कौतुक आपण पुष्कळ केले. आलेल्या दाढेचीही तितकीच विचारपूस करू या.